मामांचा तंबू आणि मामींचं मुसळ

या जगात कुठलीही वस्तू हरवत नाही, ती फक्त कुणाकडून तरी 'येणे' असते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा. भिंगारच्या एका लष्करी भांडारात त्यांनी तीस वर्षं स्टोअरकीपरची नोकरी केली. वर्दी नव्हती, पण ताठ मान, कडक इस्त्रीची खाकी पँट आणि कानामागे पेन्सिल यांमुळे भिंगारच्या बाजारातले निम्मे दुकानदार त्यांना सुभेदार समजत आणि मामा त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई करत नसत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मला बघायला तेच आले होते. मी तेव्हा नगरच्या पोस्टात नुकताच चिकटलो होतो. मामांनी मला उभं केलं, बसवलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात दात पाहिले आणि माझ्यासमोरच माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "माल चांगला हाय. पॅकिंग जरा बारीक वाटतंय, पन चालंल." त्या शेऱ्यावर माझं लग्न झालं.

त्यांचं घर म्हणजे भिंगारची दोन खोल्यांची सरकारी क्वार्टर आणि पुढे कडुनिंबाचं अंगण. पण आत पाऊल टाकलं की आपण घरात आलो की गोदामात हेच कळत नसे. प्रत्येक वस्तूला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. पाटावर 'पाट, लाकडी, एक', तांब्यावर 'तांब्या, पितळी, पोचा एक'. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला तेवढी चिठ्ठी नव्हती, कारण मामींनी त्या बाबतीत एकदा लाटणं हातात घेतलं होतं म्हणे. भांडारातला मामांचा आवडता नियम घरातही चाले: जुनं जमा करा, नवं घ्या. जुन्या साबणाची चिपटी दाखवल्याशिवाय नवी वडी मिळायची नाही. झाडूचा बुडखा आणला तर झाडू. मी नवा जावई असताना पहिल्याच मुक्कामी सकाळी काडेपेटी मागितली, तर मामांनी शांतपणे हात पुढे केला. "रिकामी कुठंय?" माझ्याकडे रिकामी नव्हती. जावयाच्या मानापेक्षा नियम मोठा, म्हणून मी शेजाऱ्यांच्या चुलीवर विडी पेटवून आलो. मामींनी मात्र या राज्यात स्वतःची वाट काढली होती. माळ्यावरच्या एका डब्यात त्या साबणाच्या चिपट्या, फुटके कंगवे, झाडूचे बुडखे आणि गल्लीभरच्या रिकाम्या काडेपेट्या साठवून ठेवत. हवं तेव्हा हवं ते जुनं काढून मामांपुढे धरत आणि नवं घेऊन जात. मला डबा दाखवून एकदा हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या भांडारापरीस माझा डबा मोठा हाय."

या मामांनी तीस वर्षांत किती तंबू लोकांना दिले असतील याची गणती नाही. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, लढाईला, सरावाला, साहेबांच्या शिकारीला, सगळे तंबू मामांच्या हाताखालून गेले. आणि एवढं करून मामा स्वतः आयुष्यात एकदाही तंबूत बसले नव्हते. बसायला तंबू कुणाच्या नावावर काढायचा? स्वतःच्या नावावर काढणं नियमात नव्हतं. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी, मामी सतरा-अठरा वर्षांच्या असताना, भांडारातून घरी आल्यावर ते त्यांना बोलून गेले होते, "मी रिटायर झालो का सोताचा तंबू घेऊ, डोंगरगनला झऱ्यापाशी लावू, आन् दिवसभर तुला आत बसवीन. रानीवानी." मामींनी हे वाक्य जपून ठेवलं. त्या कधी भांडल्या नाहीत, हट्ट केला नाही. फक्त वर्षातून दोन-तीनदा, मामा कामावरून आले की पाण्याचा तांब्या हातात देताना विचारत, "तंबू कुठवर आला?" मामा म्हणत, "येणे हाय." असं तीस वर्षं चाललं.

एकाहत्तरच्या जानेवारीत मामा निवृत्त झाले. क्वार्टर मार्चअखेर सोडायची होती. मुलगा श्रीरामपूरला एका पेढीवर होता, त्याच्याकडे राहायला जायचं ठरलं होतं. त्याची जागा म्हणजे रेल्वे लाइनीला लागून वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, तिथे तंबू सोडाच, टॉवेल वाळत घालायला जागा नव्हती. आणि एकदा श्रीरामपूरला गेल्यावर मामींचे गुडघे पुन्हा डोंगरगणला येतील हे कुणालाच खरं वाटत नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते मार्चमध्येच. नोकरीत असताना भांडाराच्या लिलावात बोली लावता येत नव्हती. मामांनी निवृत्तीनंतरचा पहिला लिलाव गाठला आणि एक जुना, हिरवट, जागोजागी ठिगळं लावलेला तंबू घेऊन हातगाडीवरून मिरवत घरी आणला. मी आणि आमची ही मुद्दाम नगरहून गेलो होतो. मामींनी तंबूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामांनी गाठोडं सोडलं, कापड निघालं, दोऱ्या निघाल्या, खुंट्यांची पिशवी निघाली आणि मग काहीच निघेना. दोन उभे खांब आणि वरून त्यांना जोडणारं आढं, तिन्ही गायब. अंगणात कापड नुसतं पसरून पडलं होतं. मी म्हणालो, "मामा, खांब नाहीत." मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या खानदानाबद्दल काही बोललो होतो. "न्हाईत असं म्हनू नका जावईबापू. येणे हायेत."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन भांडारात गेले ते रागाने लाल होऊनच. ज्या गाढवाने तंबू एकीकडे आणि खांब दुसरीकडे विकले, त्याचं नाव त्यांना पाहिजे होतं. त्यांच्या जागी आलेला नवा स्टोअरकीपर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, अत्यंत नम्र माणूस. त्याने मामांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मामांचं सगळं बोलून झाल्यावर कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढून दोन्ही हातांनी पुढे धरला. त्यावर लिहिलं होतं की मोडीत काढलेल्या मालात लाकूड लाकडात आणि कापड कापडात टाकावं, मिसळ करू नये, केल्यास जबाबदार धरलं जाईल. खाली सही होती ती मामांची, ठळक, दोन रेघा मारलेली. मामांनी कागद एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मामांनी कागदाची नीट घडी केली आणि परत दिला. "नियम बराबर हाय," ते म्हणाले. "कुनी बी बदलू नका." आणि चहा न पिताच बाहेर पडले. फाटकापाशी आल्यावर मात्र सायकल धरून जरा वेळ थांबले आणि स्वतःशीच पुटपुटले, "मिसळ चालली असती म्हना एखांद्या वेळेस."

लाकडाचा ढीग बाजारातल्या एका वखारवाल्याने घेतला होता आणि त्यातलं बरंचसं विकूनही टाकलं होतं. पण मामांच्या खांबांना भांडाराचा ठसा होता आणि बुडाला लोखंडी टोपण, म्हणजे शेंबी होती, त्यामुळे वखारवाल्याला गिऱ्हाइकं आठवली. मग सुरू झाली आमची वणवण. पुढच्या सायकलवर मामा, मागच्या सायकलवर मी आणि माझ्या खांद्यावर एक नवाकोरा, सरळसोट बांबू. हा बांबू कशाला? तर ज्याच्याकडे खांब सापडेल त्याला बदली द्यायला. जुनं जमा करा, नवं घ्या. एवढ्या तयारीने आपल्याच वस्तूच्या मागे लागलेला दुसरा माणूस नगर जिल्ह्यात नसेल.

पहिला खांब नागापूरला सापडला. तिथे नवे कारखाने उभे राहत होते आणि कामगारांसाठी एकाने चहाची टपरी टाकली होती. टपरीच्या ताडपत्रीला आमचा खांब. मामांनी त्याला बांबू देऊ केला. एवढा चांगला बांबू फुकट देऊन कुणी जुनं लाकूड का मागतंय, या संशयाने टपरीवाला सावध झाला. त्याने खांब उलटून पाहिला, वास घेतला, ठोकून पाहिला आणि म्हणाला, "ह्यात काय तरी हाय." पुढचे आठ दिवस आम्ही रोज तिथे जाऊन चहा पीत होतो. आठव्या दिवशी मामांनी त्याला मामींचं, डोंगरगणचं, तीस वर्षांचं सगळं सांगितलं. ते ऐकून टपरीवाला चिडलाच. "आवो, मग हे पयल्या दिशी सांगायचं न्हाई का! बाईमानसाला तीस वरीस थांबिवलंय आन् हितं च्या पीत बसलाय!" त्याने स्वतः खांब उपटून दिला. बांबू मात्र ठेवून घेतला.

दुसरा नवा बांबू घेऊन आम्ही भिंगारच्या पुढे एका मळ्यातल्या वस्तीवर गेलो. आढं तिथे होतं, छपरात दोन मेढींवर आडवं टाकलेलं, आणि त्याला झोळी बांधून आत एक तान्हं मूल झोपलेलं. त्याची आई कांद्याला पाणी द्यायला निघाली होती. "बाळ उठल्याव न्या की," ती म्हणाली, "तवर जरा ध्यान ठिवा." मामा झोळीपाशी बसले. मूल चुळबुळलं. उठतंय म्हणून मी बांबू पुढे केला, तर मामांनी घाईघाईने झोळीची दोरी ओढायला सुरुवात केली. मूल पुन्हा झोपलं. असं तीन तास चाललं. मूल उठावं म्हणून आम्ही बसलो होतो आणि ते उठायला लागलं की मामाच त्याला झोपवत होते, वर अंगाईच्या चालीत तंबूच्या सामानाची यादी म्हणत होते; दुसरं त्यांना काही पाठ नव्हतं. ती बाई परत आली, तिने मूल उचलून घेतलं आणि म्हणाली, "न्या आता, काडा झोळी." मामा उठले. वर आढ्याकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे पाहिलं. खिशातून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढून तिच्यावर 'वापरात' असं लिहिलं आणि ती आढ्याला बांधली. "डूटीवरचा माल वढायचा नस्तो, ताई," ते म्हणाले, आणि मी तो बांबू खांद्यावर टाकून परत सायकलवर बसलो. तोच पुढे आमचं आढं झाला.

दुसऱ्या खांबाचा पत्ता भिंगारमधल्याच एका पेन्शनर मास्तरांच्या घराचा निघाला. मास्तर दारातच भेटले आणि फार आनंदाने म्हणाले, "तो होय? बंबात गेला की! गेल्या मंगळवारी. काय जळला म्हणून सांगू, घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी एकाच लाकडावर झाल्या." मामांनी डोक्यावरची टोपी काढली. मास्तरांना ते कशासाठी हे कळलं नाही. त्यांनीही आदराने टोपी काढली. आम्ही तिघं त्या बंबासमोर थोडा वेळ बोडके उभे होतो.

मार्चचे शेवटचे चार दिवस उरले होते. सामान बांधून झालं होतं. त्या संध्याकाळी मामा ओट्यावर गुडघे जवळ घेऊन बसले होते आणि मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "जमत न्हाई," ते मामींना म्हणाले. "एक खांब कमी हाय." तीस वर्षांत 'कमी' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा, कारण मामी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. त्या कोपऱ्यात गेल्या आणि तिखट-मसाला कुटायचं त्यांचं माहेरचं मुसळ घेऊन आल्या. "ह्ये घ्या. ह्याच्या बी बुडाला लोखंड हाय." मामांचा चेहरा उजळला, त्यांनी हात पुढे केला, तशा मामींनी मुसळ मागे घेतलं. "जुनं कुठंय?"

"आगं, जळालं म्हन्लं न्हवं?"

"जुनं जमा केल्याबिगर नवं मिळत न्हाई."

आमची ही तोंडात पदर कोंबून आत पळाली. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला, मान डोलावली, कारण नियम बरोबर होता, आणि सायकल काढली. आम्ही पुन्हा मास्तरांच्या दारात. मास्तरीणबाईंनी बंबाची राख भांडी घासायला एका डब्यात भरून ठेवली होती. मामांनी डबा अंगणात उपडा केला, कोपरापर्यंत हात घातले आणि शेवटी ती सापडली: खांबाच्या बुडाची लोखंडी शेंबी, जळून काळीनिळी झालेली, पण अखंड. ती रुमालात गुंडाळून त्यांनी घरी आणली आणि मामींच्या हातावर ठेवली. मामींनी ती उजेडात फिरवून पाहिली, थेट मामांसारखी, मग पदराच्या टोकाला बांधली आणि मुसळ दिलं.

डोंगरगणच्या एस.टी.त आम्ही चौघं, टपावर तंबू आणि मामींच्या मांडीवर मुसळ. कंडक्टर दोनदा जवळ येऊन काही न विचारताच परत गेला. झऱ्यापाशी पोचल्यावर एक नवीच गोष्ट उघडकीला आली. मामांना तंबूच्या प्रत्येक दोरीचं, प्रत्येक कडीचं नाव ठाऊक होतं, पण तंबू लावायचा कसा हे त्यांना येत नव्हतं! ते नावं घेत होते, मी आणि ही ओढत होतो, आणि तंबू दर वेळी आमच्या अंगावर बसत होता. शेवटी जवळच मेंढरं चारणारी एक धनगरीण काठी टेकत आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आवो तात्या, नावं काय इच्यारताय त्येला, दोरी वढा की." पालं उभारण्यात तिचा जन्म गेला होता. तिने पाच मिनिटांत तंबू उभा केला. पुढे खरा खांब, माझ्याहून वीतभर उंच. मागे मामींचं मुसळ, दोन दगडांवर चढवलेलं आणि तरी मामींच्या हनुवटीपर्यंतच. वर बांबू मधोमध वाकलेला. बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखं ते प्रकरण दिसत होतं. पण उभं होतं.

मामी वाकून आत गेल्या आणि उंच बाजूला, सतरंजीवर, पाय पसरून बसल्या. मामा मुसळाच्या बाजूला मान मोडून बसले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत त्याहून जास्त उकडत होतं, जुन्या कापडाचा आणि कुबट तेलाचा वास भरून राहिला होता, ठिगळांतून उन्हाचे कवडसे मामींच्या लुगड्यावर पडले होते. पाच मिनिटांत मामांचा सदरा भिजला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी पडेल आवाजात म्हणाले, "आगं, लई उकडतंय की गं. तीस वरीस मी लोकांना ह्ये दिलं?" मला त्यांची खरोखर दया आली. मामी पिठलं-भाकरीचं फडकं सोडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला न्हाई उकडत." त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. ऊन कलेपर्यंत त्या दिवसभर तिथेच बसून राहिल्या. धनगरणीला भाकरी दिली, तिच्याकडून मूठभर बोरं घेतली, मामांना वारा घातला, येणाऱ्या-जाणाऱ्याला आतूनच "या की, बसा" म्हणाल्या. मी पाहिलेली ती एकच राणी.

तंबू तिथेच धनगरणीला देऊन टाकला. श्रीरामपूरला तो मावणार नव्हता. खरा खांबही तिच्याकडेच राहिला, 'वापरात'. मुसळ तेवढं परत आलं. दोन दिवसांनी मामांनी क्वार्टरच्या किल्ल्या जमा केल्या आणि ती दोघं श्रीरामपूरला गेली.

मामी पुढे चार-पाच वर्षंच होत्या. त्या गेल्यावर काही महिन्यांनी मी श्रीरामपूरला मामांना भेटायला गेलो. दोन खोल्या, खालून मालगाडी गेली की भांडी वाजायची. घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या नव्हत्या. सून म्हणाली, त्यांनी स्वतःच एकेक करून सोडल्या, आणि आता साबण कुणालाही नुसता मागितला तरी मिळतो. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. एका कोपऱ्यात मुसळ उभं होतं, आणि त्यावर मात्र चिठ्ठी होती, मामांच्या टपोऱ्या अक्षरात: 'हिचं. परत देणे.' मी वाचतोय हे त्यांनी पाहिलं.

"काम झाल्याव मुसळ परत करायचं आन् शेंबी परत घ्यायची, असं ठरल्यालं," ते म्हणाले. "मी म्हन्लं, घाई काय हाय. ऱ्हाऊनच गेलं. तिच्या पेटीत बगितलं, डब्यात बगितलं. शेंबी न्हाई."

"हरवली असेल, मामा," मी बोलून गेलो, आणि लगेच जीभ चावली. पण मामा रागावले नाहीत. त्यांनी मुसळ भिंतीला जरा सरळ करून ठेवलं, तिरकं झालं होतं.

"सुनंनं सांगितलं," ते म्हणाले, "शेवटच्या दिवशी पदराच्या गाठीतच व्हती. कुनी सोडली न्हाई. संगंच गेली." मग त्यांनी खिडकीतून खालच्या रुळांकडे पाहिलं. "म्हंजी तिच्याकडं हाय, जावईबापू. येणे हाय."